प्रकल्प नोंदी: काळ्या मातीच्या उतारावर जांभळा लँटाना, नाशिक

५ फेब्रुवारी: जागेची पाहणी

पाथर्डी फाट्याकडच्या एका सोसायटीत पार्किंग आणि खालचा रस्ता यांच्यामध्ये मातीचा उघडा उतार आहे. लांबी ४० फूट, उभी उंची ४ फूट, आडवं अंतर ७ फूट. टेप उतारावरच धरला तर ८ फूट भरतात. म्हणजे झाकायचं क्षेत्र ३२० चौरस फूट. तोंड पश्चिमेला. दुपारपासून सूर्यास्तापर्यंत थेट ऊन आणि खालून डांबराची धग.

लॉनचा विचार पहिल्याच बैठकीत सोडला. या उतारावर कापणीचं मशीन चालत नाही, पाणी मुरण्याआधी वाहून जातं आणि मे महिन्यात गवत जळतं. वेडेलिया लवकर पसरतो, पण त्याला ओल लागते आणि तो कुंपणापलीकडेही जातो. बोगनवेलीचे काटे मुलांच्या वाटेवर नकोत. उरला तो लोळणारा जांभळा लँटाना, शास्त्रीय नाव लँटाना मॉन्टेव्हिडेन्सिस. रोपवाटिकांमध्ये तो अजून ‘सेलोविआना’ या जुन्या नावानेही मिळतो. मूळ दक्षिण अमेरिकेतला. उंची दीड-दोन फुटांच्या आत राहते, फांद्या जमिनीवर चार-पाच फूट पसरतात, आणि पेराला माती लागली की तिथे मुळं फुटतात. उतार धरून ठेवायला हाच गुण हवा.

घाणेरी किंवा टणटणी म्हणून आपण ओळखतो ती लँटाना कमारा, ती वेगळी. ती जंगलात कशी माजली आहे हे त्र्यंबकच्या डोंगरावर फिरणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नाही. जांभळा लँटानाही तसाच माजेल, ही सोसायटीतल्या काहींची शंका म्हणूनच योग्य होती आणि तिचं उत्तर नोंदवून ठेवणं गरजेचं आहे. कमाराचं खोड चौकोनी, बहुतेक वेळा काटेरी, झुडूप उभं वाढणारं. फुलं एकाच गुच्छात पिवळी-नारिंगी-गुलाबी, आणि पिकलेली काळी फळं पक्षी दूरवर नेतात. आपल्याला हव्या त्या जातीची फांदी बारीक आणि बिनकाट्याची, पान इंच-सव्वा इंचाचं, फूल फिकट जांभळं, मध्यभागी पांढरट-पिवळा ठिपका. तिचे वांझ वाण बी धरत नाहीत, पण सगळे वाण वांझ नसतात. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडमध्ये याच जातीच्या बी धरणाऱ्या प्रकाराने कुरणं व्यापली आहेत. त्यामुळे नियम असा ठरवला: ज्या मातृझाडावर हिरवी किंवा काळी फळं दिसतील त्याची एकही फांदी घ्यायची नाही.

७ फेब्रुवारी: माती

निचरा तपासणी. उताराच्या माथ्याला, मध्यावर आणि पायथ्याला फूट-फूट लांबी-रुंदी-खोलीचा एकेक खड्डा. पाण्याने भरून पूर्ण जिरू दिला, मग पुन्हा भरून पातळी मोजली. माथ्याला तासाला दोन इंच, मध्यावर एक इंच, पायथ्याला अर्धा इंचही नाही. तासाला एक इंचापेक्षा कमी जिरलं तर लँटानाच्या मुळांना पावसाळ्यात धोका आहे असं समजून चालावं.

वरचे दहा-बारा इंच काळी चिकण माती, खाली मुरूम. माती भिजली की फुगते, वाळली की भेगा पडतात, आणि कोवळी मुळं त्या भेगांत तुटतात. सामू (पीएच) ८.१, चुनखडीचे बारीक खडे डोळ्यांना दिसतात. जिप्सम टाकावं का, अशी सूचना आली. जिप्समचा उपयोग सोडियम जास्त असलेल्या चोपण जमिनीत होतो. इथे प्रश्न चिकणपणाचा आणि निचऱ्याचा आहे, त्यावर मुरूम हाच उपाय.

१४ फेब्रुवारी: छाट कलमं

हा हंगाम मुद्दाम निवडला. कडाक्याची थंडी ओसरलेली असते आणि उन्हाची काहिली सुरू झालेली नसते. मार्चअखेर घेतलेल्या कलमांची पानं मुळं फुटण्याआधी सुकतात.

पाहिलेल्या मातृझाडांपैकी बिनफळांची निवडून १४० कलमं घेतली. फांदी अर्धपक्व हवी: हिरवटपणा जाऊन तपकिरी छटा आलेली, वाकवली तर लवचीक, मोडली तर कडक आवाज करणारी. शेंड्याची लुसलुशीत काडी कुजते आणि जुनी तपकिरी काडी नुसती उभी राहते. लांबी ४ ते ५ इंच, तीन किंवा चार पेरं. खालचा काप पेराच्या अगदी खाली, तिरका. वरची दोन पानं ठेवून बाकी काढली. फूल आणि कळी एकही ठेवली नाही, कारण कळी राहिली तर काडीतला साठा फुलण्यात जातो आणि मुळं मागे पडतात.

संजीवकाशिवायही लँटानाला मुळं येतात. तरी सगळी रोपं एका वेळी तयार व्हावीत म्हणून आयबीए हे मुळं फुटवणारं संजीवक वापरलं. द्राक्षाच्या डॉगरिज खुंटाच्या कलमांसाठी ते आपल्याकडे सर्रास मिळतं. १०० मिलिग्रॅम पूड आधी ५० मिली स्पिरिटमध्ये पूर्ण विरघळवली, मग ५० मिली शुद्ध पाणी घातलं. हे १००० पीपीएमचं (दहा लाख भागांत हजार भाग) द्रावण. पूड थेट पाण्यात टाकली तर ती विरघळत नाही, तळाशी बसते, आणि कलमांना नुसतं पाणी लागतं. काडीचा खालचा अर्धा इंच पाच सेकंद बुडवून लगेच लावायचा. जास्त वेळ ठेवला तर बुंधा काळा पडतो.

माध्यम: कोकोपीट आणि चाळलेली जाड वाळू, निम्मं-निम्मं. कोकोपीट आधी दोनदा धुवून घेतलं, त्यातला खार मुळांना बाधतो. चार बाय सहा इंचाच्या काळ्या पिशव्या, प्रत्येकीला खाली सहा भोकं. पेन्सिलीने भोक पाडून काडी लावली, कडेने दाबलं. थेट खोचली तर टोकाला लावलेलं द्रावण पुसलं जातं. वर ५० टक्के सावलीचं शेडनेट. पाणी झारीने नव्हे, फवाऱ्याने, सकाळी आणि दुपारी. माध्यम मुठीत दाबलं तर थेंब गळता कामा नये.

९ मार्च

हलकं ओढून पाहिलं. बहुतेक काड्या धरून आहेत. १४० पैकी ११६ कलमांना मुळं. गेलेल्यांपैकी बहुतेक पिशव्या शेडनेटच्या पश्चिम कडेच्या, जिथे दुपारचं ऊन आत येत होतं. पांढरी मुळं पिशवीच्या भिंतीला लागेपर्यंत पिशवी बदलायची नाही.

२२ मार्च

रोपं सहा बाय आठ इंचाच्या पिशव्यांत हलवली. या वेळी मिश्रणात एक भाग तीच काळी माती, एक भाग चाळलेला मुरूम, अर्धा भाग गांडूळ खत. रोप ज्या मातीत पुढे जगायचं आहे तिची चव त्याला इथेच लागावी. नुसत्या कोकोपीटमध्ये वाढवलेलं रोप काळ्या मातीत लावलं की मुळं जुन्या गोळ्यातच घोटाळत राहतात, आजूबाजूच्या मातीत शिरत नाहीत.

शेंडे खुडले. प्रत्येक रोपाला चार-पाच फुटवे हवेत. एकाच दांड्यावर वाढू दिलं तर रोप उतारावरून खाली लोंबतं आणि बुंधा उघडा राहतो.

३ एप्रिल: तण आणि खोदाई

हा टप्पा घाईत उरकला की पुढची दोन वर्षं त्याची किंमत मोजावी लागते. उतारावर हराळी, लव्हाळा आणि काँग्रेस गवत. काँग्रेस गवत फुलण्याआधी मुळासकट उपटलं. हातमोजे आणि पूर्ण बाह्या. हराळीसाठी नऊ इंच खोल खणून ढेकळं उलटी टाकली. एप्रिल-मेचं ऊन मुळ्या वाळवतं, त्यासाठी तणनाशकाची गरज नाही. अट एकच, मध्ये पाणी द्यायचं नाही. लव्हाळ्याच्या गाठी मात्र उन्हाने पूर्ण मरत नाहीत, त्या हाताने वेचून पोत्यात भरल्या. लँटानाची जाळी एकदा बसली की तिच्या आतून हराळी ओढून काढता येत नाही. फांद्या आणि गवताच्या मुळ्या एकमेकींत गुंततात, आणि ओढताना लँटानाचीच मुळावलेली पेरं उपटली जातात.

२१ एप्रिल: मुरूम आणि खत

३२० चौरस फुटांवर ३ इंचाचा थर म्हणजे ८० घनफूट, पाऊण ब्रासपेक्षा (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) थोडा जास्त. एक ट्रॉली मऊ मुरूम मागवला. उरलेला वरच्या चरासाठी. मुरूम चाळावा लागतो, मुठीएवढे दगड राहिले तर ठिबकची पिन बसत नाही. पूर्ण कुजलेलं शेणखत पाऊण ते एक इंच, साधारण २५ घनफूट. याहून जास्त नको. जास्त नत्राने लँटाना पानांनी माजतो, फुलं कमी होतात आणि कोवळ्या पानांवर पांढरी माशी बसते.

मुरूम आणि खत सगळ्या उतारभर नऊ इंच खोलीपर्यंत मिसळलं, फक्त खड्ड्यांत नाही. फक्त खड्डा सुधारला तर भोवतालच्या चिकण मातीत तो पाणी धरणारा हंडा होतो: पावसाचं पाणी भुसभुशीत भागात उतरतं, बाहेर पडत नाही, आणि मुळं त्यातच कुजतात. ज्यांना जागेअभावी खड्डेच करायचे आहेत त्यांनी प्रत्येक खड्ड्याची खालची कड तीन इंच रुंद कापून बाहेर मोकळी ठेवावी.

८ मे: पाण्याच्या वाटा

माथ्याला, पार्किंगच्या कडेने, एक फूट रुंद आणि नऊ इंच खोल चर. पार्किंगच्या फरशीवरचं सगळं पाणी आतापर्यंत थेट उतारावर येत होतं. ४० फुटांत ६ इंच उतार देऊन ते उत्तरेकडच्या गटाराकडे वळवलं. गवंड्याच्या पाणीनळीने पातळी काढली, नजरेने उतार काढू नये. पायथ्याला, रस्त्याच्या कठड्याआधी, सहा इंच रुंद चरात २० मिमी खडी भरली. कठड्यातली पाणी जाण्याची भोकं मोकळी केली, आतून जाळी लावली.

माथ्याचा चर नसेल तर बाकीची सगळी मेहनत जुलैच्या एका रात्रीत रस्त्यावर येते.

१५ मे: ठिबक

आखणी दोन फुटांवर, त्रिकोणी पद्धतीने. त्यात ओळींतलं अंतर १ फूट ९ इंच येतं. माथ्यापासून १ फुटावर पहिली ओळ, मग २ फूट ९ इंच, ४ फूट ६ इंच आणि ६ फूट ३ इंचावर. ओळींत अनुक्रमे २०, १९, २०, १९ अशी एकूण ७८ रोपं. ११६ रोपांतली ३८ राखीव. चौकोनी आखणीत दोन रोपांमधून पाणी सरळ खाली धावतं. त्रिकोणी आखणीत खालचं रोप त्या वाटेत येतं.

प्रत्येक ओळीला १६ मिमी लॅटरल (ड्रिपर बसवायची नळी), आडवी, समपातळीत. उभी लॅटरल टाकली तर सगळं पाणी शेवटच्या ड्रिपरकडे ओढलं जातं. रोपाला एक, ताशी २ लिटरचा ड्रिपर, बुंध्यापासून पाच इंच वरच्या बाजूला. एकूण ताशी १५६ लिटर. टाकी गच्चीवर, सुमारे १० मीटर उंच, म्हणजे १ बार दाब. वरच्या आणि खालच्या ओळीत उंचीचा फरक साधारण अडीच फूट, त्यामुळे दाबात फार फरक पडत नाही. साधे ड्रिपरही चालतात. मात्र टाकी जमिनीजवळच्या कट्ट्यावर असेल तर हाच फरक मोठा ठरतो आणि खालची ओळ ठळकपणे जास्त पाणी घेते. तिथे दाब-समतोल ड्रिपर, म्हणजे दाब कमी-जास्त झाला तरी सारखंच पाणी सोडणारे, हवेत, आणि त्यांना लागणारा किमान दाब टाकी देते का हे आधी पाहावं.

दुसरी गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. कॉक बंद केल्यावर नळीत राहिलेलं पाणी, ४० फुटांत जवळपास १.८ लिटर, वरच्या ओळींतून सबमेनमार्गे (सगळ्या ओळींना जोडणाऱ्या नळीतून) उतरून सगळ्यात खालच्या ओळीत गळतं. रोज दहा-दहा मिनिटं पाणी दिलं तर पायथ्याची ओळ कायम चिखलात राहते. म्हणून प्रत्येक ओळीला वेगळा कॉक, आणि पाणी क्वचित पण पोटभर. पाऊण इंची नळीचा जाळीदार फिल्टर, जाळी १२० मेश. प्रत्येक ओळीच्या टोकाला उघडता येणारी एंड कॅप. दर महिन्याला उघडून नळी धुवायची. बोअरच्या पाण्याचा क्षार ड्रिपरच्या तोंडाशी पांढरा जमतो.

२८ मे

रोपं शेडनेटबाहेर. आधी फक्त सकाळचं ऊन, आठवडाभराने पूर्ण. पाणी निम्म्यावर. पानं जरा जाड आणि खरखरीत होताहेत, तसंच हवं. रोहिणीत वळवाच्या सरी झाल्या तरी लावणीची घाई नाही. वरचे दोन इंच भिजतात, खाली माती कोरडीच असते.

१९ जून: लावणी

मृगाच्या पावसाने माती आठ इंच खोल भिजली. दोन दिवस उघडीप मिळाली आणि वाफसा आला. वाफसा ओळखायचा तो मूठभर माती दाबून: गोळा व्हावा, आणि बोटाने टिचकी मारली की फुटावा. चिकटून राहिला तर थांबा. ओल्या काळ्या मातीत पाय दिला की ती विटेसारखी घट्ट बसते आणि मुरमाचं सगळं काम वाया जातं. म्हणून उतारावर फळ्या टाकून त्यांवरूनच वावर.

क्रम असा ठेवला. आधी काथ्याचं जाळीदार कापड माथ्याकडून पायथ्याकडे उलगडलं, वरची कड माथ्याच्या आतल्या बाजूला सहा इंच पुरली. दोन पट्ट्यांचा जोड चार इंचांचा. सहा मिमी सळईच्या, नऊ इंच पायांच्या यू-पिना दर अडीच फुटांवर. मग रोपाच्या जागी कापडाला फुलीसारखा काप देऊन खड्डा. पिशवी फाडून गोळ्याच्या कडेची गुंडाळलेली मुळं बोटांनी सैल केली. रोपाचा गळा भोवतालच्या मातीपेक्षा अर्धा इंच वर. उतारावर वरून माती सरकत येते, आणि गळा पुरला गेला की तिथून कुजतो. बुंध्याखालच्या बाजूला हाताने छोटी चंद्रकोर, पण तिला एका कडेने फट. पहिलं पाणी रोपाला दोन लिटर, ठिबकने नव्हे, झारीने, माती बसेपर्यंत.

लावताना खत नाही. खड्ड्यात फक्त ५० ग्रॅम निंबोळी पेंड.

६ जुलै

दुसरी खुडणी, प्रत्येक फुटव्याचं टोक. आलेली फुलंही काढली. सोसायटीतल्या लहानांना वाईट वाटलं, पण या महिन्यात रोपाचा जीव मुळांत जायला हवा.

काथ्याखालून काँग्रेस गवताची रोपटी डोकावतात. दोन पानांवर असतानाच चिमटीने काढायची. खुरपं चालवू नये, कापड आणि पृष्ठभागाजवळची मुळं दोन्ही कापली जातात.

२ ऑगस्ट: पिवळेपणा

पायथ्याच्या ओळीत सहा-सात रोपांची शेंड्याकडची पानं पिवळी, शिरा हिरव्या. जुनी पानं ठीक. ही लोहाची कमतरता. नत्र कमी असतं तर जुनी पानं आधी पिवळी पडली असती. जमिनीत लोह नाही असं नाही. चुनखडी आणि साचलेलं पाणी एकत्र आलं की मुळांना ते उचलता येत नाही. म्हणून फवारणीआधी निचरा पाहिला. खडीच्या चरात गाळ बसून पाणी तुंबलं होतं. वरची चार इंच खडी काढून धुतली, पुन्हा भरली, आणि चराच्या वरच्या तोंडाशी काथ्याची पट्टी लावली.

फवारणी: लिटरला ५ ग्रॅम फेरस सल्फेट आणि १ ग्रॅम सायट्रिक ॲसिड, संध्याकाळी, पानाच्या दोन्ही बाजूंनी. दहा दिवसांनी पुन्हा. सायट्रिक ॲसिड नसेल तर क्षारयुक्त पाण्यात लोह गंजासारखं खाली बसतं. जमिनीतून द्यायचं झालं तर आठच्या वर सामूला ईडीटीए चिलेट (लोह विरघळतं ठेवणारं संयुग) टिकत नाही, ईडीडीएचए चिलेट लागतं आणि ते महाग. सात रोपांसाठी फवारणी पुरे.

२४ ऑगस्ट: दाब कलम

फांद्या दीड-दोन फूट झाल्या. रिकाम्या दिशेकडे वळवून पेराखालची माती थोडी सैल केली, पेर अर्धा इंच पुरलं, लहान यू-पिनेने दाबलं. पावसाळी ओलीत महिनाभरात मुळं धरतात. उतार मुळात याच कामाने बांधला जातो; ७८ बुंध्यांपेक्षा शेकडो मुळावलेली पेरं माती जास्त धरतात. पायथ्याच्या ओळीतल्या फांद्या खडीवर येऊ देऊ नयेत.

१२ सप्टेंबर

पांढरी माशी, पानांमागे. पाऊस उघडला आणि उष्मा वाढला की येतेच. ४० फुटांत पाच पिवळे चिकट सापळे, झुडपाच्या उंचीवर. लिटरला ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि १ मिली द्रव साबण. आधी साबण पाण्यात, मग तेल, नाहीतर तेल वर तरंगतं आणि पानं भाजतात. फवारणी संध्याकाळी, आठवड्याच्या अंतराने दोनदा. फुलं उघडलेली असताना सकाळी फवारू नये, मधमाश्या आणि फुलपाखरं त्या वेळीच येतात.

दोन रोपांवर पिठ्या ढेकूण, रस शोषणारी पांढरी पिठाळ कीड. द्राक्षबागायतदाराला ओळख सांगायला नको. मुंग्यांची रांग जिथे जाते तिथे शोधावं. त्या फांद्या कापून पिशवीत बंद केल्या. बुंध्याभोवतीची मुंग्यांची वारुळं मोडली. मुंग्या पिठ्याला एका फांदीवरून दुसरीवर नेतात, त्यामुळे नुसती फवारणी अपुरी पडते.

५ ऑक्टोबर: छाटणीचा कचरा

हस्ताच्या सरींनंतर वाढ जोरात. पार्किंगच्या चरावर आलेली टोकं सिकेटरने कापली. गुच्छ नव्या फुटीवर येतात, त्यामुळे हलक्या छाटणीने फुलं लांबत नाहीत, उलट दोन-तीन आठवड्यांत अधिक दाट येतात. पानांवर बारीक केस आहेत, उघड्या हाताला खाज सुटते, हातमोजे घालावेत.

कापलेल्या फांद्या रस्त्याकडेला टाकायच्या नाहीत. लँटानातल्या लँटाडीन या द्रव्यांनी गुरांचं यकृत बिघडतं आणि उन्हात अंगावरची कातडी सोलवटते. कमारात ते प्रमाण जास्त म्हणून ओळखलं जातं, पण जांभळ्याबाबतही जोखीम घेऊ नये. मोकाट गाई आणि शेळ्या इथून रोज जातात. फांद्या आधी गच्चीवर कडक वाळवल्या, मग खड्ड्यात. ओल्या टाकल्या तर खतातच पेरांना मुळं फुटतात.

३० ऑक्टोबर

साधारण दोन तृतीयांश उतार झाकला. फुलं भरपूर. ठिबक पंधरा दिवसांनी दोन तास, रोपाला चार लिटर. द्यायच्या आधी चार इंच खोल काडी खुपसून पाहायची. ओली आली तर पाणी पुढे ढकलायचं. या झाडाचा घात बहुतेक वेळा तहानेने होत नाही, वेळेवर न थांबवलेल्या पाण्याने होतो. सोसायटीच्या पाणीवाल्याच्या तक्त्यावर हे मोठ्या अक्षरांत लिहून लावलं.

२२ डिसेंबर

थंडीत पानांवर जांभळट-तांबूस छटा, वाढ थांबलेली. निफाडकडे पारा याहून खाली जातो आणि तिथेही हे झाड तग धरतं. ही छटा स्फुरदाच्या (फॉस्फरसच्या) कमतरतेची नाही, त्यावर डीएपी टाकू नये. फेब्रुवारीत नवी पालवी आपोआप हिरवी येते. या महिन्यात खत नाही, छाटणी नाही. छाटलं तर कोवळी फूट थंडीत काळी पडते.

२५ फेब्रुवारी: वार्षिक छाटणी

थंडी सरली, पेरांवर डोळे फुगले. सगळं झुडूप जमिनीपासून सात-आठ इंचांवर छाटलं, पण मुळावलेली पेरं आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या फांद्या ठेवल्या. उभी आणि एकमेकींवर चढलेली लाकडं काढली. ती राहू दिली तर आत ऊन पोचत नाही, खालची पानं गळतात आणि वरून हिरवं, आतून नुसत्या काटक्या असं होतं. छाटणीनंतर रोपाला पाव किलो गांडूळ खत आणि ५० ग्रॅम निंबोळी पेंड, काथ्याच्या फटींतून, बुंध्यापासून सहा इंच दूर. मग एकदा तीन तास पाणी.

गेलेली रोपं चार: तीन पायथ्याच्या ओळीतली, एक माथ्यावर गाडीचं चाक चढल्याने. पायथ्याच्या तीन जागी राखीव रोपं आता लावायची नाहीत; पुढे उन्हाळा आहे आणि शेजारच्या दाब कलमांनी दोन जागा अर्ध्या भरल्याही आहेत. तिसरीसाठी जूनच्या वाफशाची वाट पाहायची.

१८ एप्रिल

पाणी आठ दिवसांनी दोन तास, पहाटे. दुपारी पानं मलूल दिसली तरी लगेच कॉक उघडायचा नाही. सूर्य कलल्यावर ती ताठ झाली तर मुळांना पाणी पुरतं आहे. सकाळी सातलाही मलूल असतील तरच द्यायचं. लाल कोळीची सुरुवात रस्त्याकडच्या ओळीत, धुळीमुळे: पानावर बारीक फिकट ठिपके, मागे तलम जाळं. पाइपने पानांच्या मागून जोराचं पाणी, सकाळी, चार दिवसांच्या अंतराने तीनदा. धूळ धुतली की कोळी निम्म्याने कमी होतो. एवढ्याने आटोक्यात आला नाही तरच पाण्यात विरघळणारं गंधक, लिटरला २ ग्रॅम. तेही तापमान ३५ अंशांच्या खाली असताना आणि कडुनिंबाच्या तेलाच्या फवारणीनंतर किमान तीन आठवडे सोडून, नाहीतर पानं करपतात.

काथ्याचं कापड जागोजागी विरलं आहे. ते काढायचं नाही. पिना मात्र जिथे फांद्यांनी जमीन पूर्ण धरली आहे तिथल्या उपटून घ्यायच्या, गंजलेली टोकं पुढच्या छाटणीत हाताला लागतात.